गुडघ्यांवरची नात

मी सातवी पास, तेही मास्तरांच्या दयेने. आमचे पूर्वज बडोदा संस्थानच्या फौजेत होते. मी नागरवाड्यात चाळीस वर्षं स्कूटरी दुरुस्त केल्या. त्यामुळे लहान मूल कसं सांभाळायचं ते मला कळत नाही, असं घरात एकमताने ठरलं होतं. एक मुलगा मी वाढवला होता, पण तो म्हणे आपोआप वाढला. जिने तो खरा वाढवला ती श्रावणात गेली. माझ्या बाजूने बोलणारं घरात कोणी राहिलं नाही. तशी तीही माझ्या बाजूने फार बोलायची असं नाही.

मुलगा आणि सून दहा वर्षं युगांडात होते. त्यांना मूल झालं नाही. तिथल्याच एका अनाथाश्रमातली पोरगी त्यांनी, वर्षभर रोज आश्रमात जाऊन भेटल्यावर, कोर्टातून रीतसर दत्तक घेतली, आणि दिवाळीनंतर तिघंही कायमचे बडोद्याला आले, समा भागातल्या माझ्या घरी. पोर अडीच वर्षांची.

तिच्याआधी तिचे नियम पोहोचले. सुनेने आल्या आल्या, पोर कडेवर असतानाच, फ्रिजवर कागद चिकटवला. दत्तक मुलांबद्दल सल्ला देणाऱ्या कोणी बाई होत्या, त्यांनी सांगितलेलं. तीन महिने आईबापाशिवाय कोणी मुलीला उचलायचं नाही, भरवायचं नाही, न्हाऊ घालायचं नाही, झोपवायचं नाही.

"बाबा, आतापर्यंत किती जणांनी उचललं आणि खाली ठेवलं तिला," सून म्हणाली. "आमचे हात कोणते ते आधी कळू दे."

कारण पटलं, म्हणून जास्तच राग आला. "मग मी काय करू?" मी विचारलं.

"तुम्ही नुसते दिसत राहा."

वा! टीव्हीसारखं. टीव्हीला निदान बोलायची परवानगी असते.

पहिल्याच सकाळी मी खुर्चीत चहा पीत होतो. पोर समोर आली, दोन्ही गुडघे फरशीवर टेकले, हात मांडीवर ठेवले आणि मान खाली घालून राहिली. मी घाबरलो. आमच्या वेळी गुडघे टेकायचे ते शिक्षा झाली की. माझं बरंचसं शिक्षण त्याच आसनात झालं आहे. मला वाटलं, काहीतरी सांडलं-फोडलं असेल आणि ही माफी मागते आहे. किंवा माझं तोंड बघूनच तिला वाटलं असेल की आधीच मागून ठेवलेली बरी. उचलायला बंदी. मग मी बशी ठेवली आणि गॅलरीत निघून गेलो. म्हटलं, राक्षस डोळ्यांसमोरून गेला की उठेल.

ती उठली नाही. सुनेने येऊन उठवली.

मग हे रोजचं झालं. सकाळी मी दिसलो की गुडघे. बाजारातून आलो की गुडघे. मी चप्पलसुद्धा न काढता आत सटकायचो. स्वतःच्या घरात चोरासारखा वावरणारा बडोद्यातला मी एकटाच असेन. समोरच्या घरातल्या गुजराती बेन आल्या की त्यांच्यापुढेही ती टेकायची, पण बेन "जय श्री कृष्ण, बेटा" म्हणून डोक्यावर हात ठेवत, की ही उठून पळाली. माझ्यापुढे मात्र उठायची नाही. म्हणजे भीती फक्त माझी, हा हिशोब सातवी पासालाही जमला.

बेन खूश. "काका, शुं संस्कार छे! अमारा छोकराओ तो जय श्री कृष्ण बोलवामांय मोढुं बगाडे." त्यांची पोरं म्हणे तेवढं म्हणायलाही तोंड वाकडं करतात. आणि दुसऱ्या दिवशी वाटीभर चण्याचं पीठ घेऊन हजर. "आ दूधमां लगाडजो. रंग खूलशे." म्हणजे दुधात कालवून पोरीला लावा, रंग उजळेल.

"बेन, एमां मरचां नाखीने भजियां तळो," मी म्हटलं.

बेन रागावून गेल्या. पण संध्याकाळी खरोखरच भजी आली, आणि चांगली झाली होती. पुन्हा रंगाचा विषय निघाला नाही.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधी मुलाचा धीर सुटला. मी टीव्ही बघत असल्याचं दाखवत होतो. तो समोर येऊन उभा राहिला.

"बाबा, गोत्रीला एक फ्लॅट बघतोय. येत्या रविवारी जाऊन येऊ. तुमच्या मनात नसेल तर जबरदस्ती नाही. पण तिला रोज असं बघावं लागायला नको."

मला कळलं ते असं, की तिला माझं तोंड बघावं लागतं. मी म्हटलं, "बघा ना. गोत्रीला हवा चांगली आहे म्हणतात."

समापासून गोत्रीची हवा किती वेगळी असणार? पण मी तेवढंच बोललो. मनात मात्र घर दिसलं. चार खोल्या, एक म्हातारा आणि एक फ्रिज. फ्रिजवर नियमांचा कागदसुद्धा नाही. श्रावणापासून दिवाळीपर्यंत ते घर मी बघितलं होतं. कुकरची एकच शिट्टी करायचो, आणि तेवढाही भात उरायचा. पुन्हा बघायची ताकद नव्हती. पण हे सांगायचं कोणाला आणि कसं? स्कूटर असती तर नुसत्या आवाजावरून सांगितलं असतं काय बिघडलंय.

शनिवारी सकाळी पोर पुन्हा टेकली आणि मी पुन्हा उठलो. मुलगा ओरडलाच. "आई फोनवरून रोज तिला उत्तर द्यायची. तुम्हाला समोर बसून देता येत नाही?"

"कसलं उत्तर?"

सून हळूच म्हणाली, "बाबा, तिकडे लहान मुली मोठ्यांना गुडघे टेकून नमस्कार करतात. आश्रमातल्या आयांनी शिकवलंय. मोठ्या माणसाने काही बोलल्याशिवाय उठायचं नसतं."

"म्हणजे ती माफी मागत नव्हती?"

"माफी? कशाची? ती बिचारी तुम्हाला तुम्ही बरे आहात ना, एवढं विचारत होती."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"आम्हाला वाटलं, आईंनी सांगितलं असेल."

सांगितलं असणार. सांगितलेलं ऐकणं हे माझं काम कधीच नव्हतं. वर्षभर रोज संध्याकाळी मुलगा आश्रमातून व्हिडिओ फोन लावायचा; बायको साखरेच्या डब्याला फोन टेकवून बसायची आणि मोठ्याने म्हणायची, "ये गं बाई, ये." मी आतून टोमणा मारायचो, "फोनमधून कोण येणार आहे?" ती म्हणायची, "उठून येऊन बघा." मी उठलो नाही. तिकडे पोर गुडघ्यांवरून उठत होती, इकडे मी खुर्चीतून उठत नव्हतो.

आणखी एक सांगतो, म्हणजे सगळंच होऊन जाऊ दे. श्रावणात बायकोला खुर्चीत बसवून दवाखान्यात न्यायला दोघं जण आले. जिन्यापाशी ती मला म्हणाली, "येते हं." आपल्याकडे जाते म्हणत नाहीत, आणि ऐकणाऱ्याने ये म्हणायचं असतं. मी दाराच्या कुलपाशी झटापट करत होतो. किल्ली फिरत नव्हती. मी कुलपाला शिवी दिली. चार दिवसांनी ती गेली, आणि माझं तिच्याशी घरातलं शेवटचं बोलणं म्हणजे कुलपाला दिलेली शिवी. ये म्हटलं असतं तर आली असती, असं नाही. तेवढा अडाणी मी नाही. पण राहिलं ते राहिलंच.

रविवारी मी लवकर उठून आंघोळ केली, दाढी केली, खुर्चीत बसलो. ये म्हणायची तयारी केली; दोनदा तर पुटपुटूनही बघितलं. पोर स्वयंपाकघराच्या दारात आली, माझ्याकडे बघितलं आणि वळून आत गेली. गुडघे नाहीत, काही नाही. अडीच महिने वाट बघून तिने मला सोडून दिलं होतं. माझ्यासारख्याला एवढी मुदत देणारी दुसरी एकच होती.

मुलगा बूट घालत होता. मी चष्मा लावून फ्रिजवरचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. उचलायचं नाही, भरवायचं नाही, न्हाऊ घालायचं नाही, झोपवायचं नाही. गुडघे टेकायला मनाई कुठेच नव्हती.

मग मी ओट्याची कड धरून खाली बसलो. एक गुडघा गेला, दुसरा अर्ध्यात अडकला, तोही ढकलला. पोर वाट्या एकात एक घालत होती. मी हात मांडीवर ठेवले, मान खाली घातली. तिने सगळ्या वाट्या घातल्या. मग सगळ्या काढल्या. पुन्हा घातल्या. सून काही बोलायला लागली, तिला मी हातानेच थांबवलं. फरशी गार होती. मी अडीच महिने त्या पोरीला ह्याच फरशीवर ठेवलं होतं.

शेवटी ती उठून माझ्यासमोर आली. मला नीट बघितलं. आणि माझ्या बायकोच्याच सुरात, शेवटचा शब्द तिच्यासारखाच लांबवून म्हणाली,

"ये गं बाई, ये."

सत्तरी पार केलेल्या मला आजवर कोणी बाई म्हटलं नव्हतं. पण मी उठणार होतो! उठताच येईना. नियमाप्रमाणे मी तिला उचलायचं नव्हतं. मला कोणी उचलायचं हे कागदात नव्हतं. मुलाने एक बूट घातलेल्या पायाने येऊन बगलेत हात घातले आणि उभं केलं. आम्ही दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं. त्याने दुसरा बूट घातला नाही. गोत्रीला काय कळवलं ते मी विचारलं नाही.

दहाच्या सुमारास खाली भाजीवाल्याची हाक आली. सुनेने पिशवी घेतली, पोरीचा हात धरला. दारापाशी पोरीने हात सोडवून घेतला आणि माझ्याकडे वळून गुडघे टेकले.

"ये गं बाई, ये," मी म्हटलं. आणि पुढचं माझ्या पदरचं. "लवकर ये."

भाजीवाला सोसायटीच्या गेटपाशीच उभा होता. गॅलरीतून दिसत होता. तरी त्या परत येईपर्यंत मी दार उघडं ठेवून तिथेच उभा राहिलो.