तबेल्यातली आतून लावलेली कडी

एडवणजवळचा तो तबेला आठवला की आजही अंगावर काटा येतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा पालघर तालुक्यात फौजदार होतो.

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, सुरूच्या झाडांआड एका कुटुंबाची घोड्यांची वाडी होती. माणसं तीनच: नवरा, बायको आणि लग्न ठरलेली मुलगी. पाच घोडे होते, ते वरातीला आणि टांग्याला जायचे. बायको खाडीवर कपडे धुवायला गेली ती परतलीच नाही, अशी खबर नवऱ्याने ठाण्यात दिली होती. चार महिने उलटले तरी प्रेत मिळालं नाही. बेपत्तांच्या रजिस्टरात एक नोंद वाढली आणि खरं सांगायचं तर आम्ही ती विसरलोही.

एके सकाळी दातिवऱ्याची सुकी मासळी विकणारी एक बाई डोक्यावरच्या पाटीसकट ठाण्यात आली. ठाणे अंमलदाराने नाकाला रुमाल लावला. तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"सायेब, ती बाय बुडाली नाय. तबेल्याच्या मागं कुंपणावर तिचा हिरवा लुगडा वालत होता. दोन वेला बघितला मी."

"मुलीचं असेल."

"पोरगी लुगडा नेसत नाय. आनी मेलेलीचा लुगडा कोन धुतो, तुमीच सांगा!"

मी नोंद उघडली. बेपत्ता होताना अंगावर हिरवं लुगडं, असं नवऱ्यानेच जबाबात सांगितलं होतं. अंगावरचं लुगडं घरी असेल, तर बाई खाडीवर गेलीच नव्हती. पोलिसाचं डोकं वाईटाकडे आधी धावतं. माझं थेट खुनाकडे धावलं.

नवऱ्याला आणून बसवला. काटक, पन्नाशीचा माणूस, अंगाला घोड्यांचा वास. दोन तास विचारलं, धाक घातला, गोड बोललो. पठ्ठ्याचं उत्तर एकच.

"मी तिला काय केला नाय, सायेब. मला सोडा, घोडे पान्यावाचून हायत."

बायको मेली आणि याला घोड्यांची तहान! माझा तोल गेला, मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्याने गाल चोळला आणि मान खाली घातली.

मग त्याला आणि दोन पंचांना घेऊन आम्ही वाडीवर गेलो. पंचनाम्यासाठी मी जागेचा नकाशा काढू लागलो. पूर्वेकडे तोंड केलेले पाच खण, वर चाऱ्याचा माळा, पुढे पाण्याचा हौद, शिंगरांना चाल शिकवायचं वाळूचं रिंगण. सगळं नेटकं. खणांच्या कड्या बाहेरून आणि अगदी खाली होत्या. घोडा ओठांनी कडी सरकवतो, म्हणून ती त्याच्या तोंडाला लागणार नाही अशी बसवतात, असं त्यानेच सांगितलं. तबेल्याला लागून घर होतं आणि तिथून चाळीसेक पावलांवर एक सुटी खोली होती.

"ती दुखनाईत घोड्याची. आता रिकामी हाय," तो म्हणाला. लागण होऊ नये म्हणून तिथे त्याच्याशिवाय कुणी जायचं नाही, अशी वाडीची शिस्त होती. मुलगीही जात नसे.

हवालदाराने दार ढकललं. बाहेरची कडी काढलेलीच होती, तरी दार हललं नाही. हवालदार माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "साहेब, घोडा काय आतून कडी लावत नाही."

मी आवाज दिला. बऱ्याच वेळाने कडी निघाली. दारात हिरव्या लुगड्यातली बाई उभी होती. पुढे झालो तशी ती मागे सरली.

"जवल येऊ नका. मला महारोग झालाय."

पंचांपैकी एकजण चक्क पळाला. बाईला कुणी कोंडलं नव्हतं, ती आपणहून आत बसली होती. अंगावर चट्टे उठल्यावर नवराबायकोने मिळून हे ठरवलं होतं. "बुडालेल्या बायची पोर लोक करून घेतात सायेब, महारोगनीची नाय," ती म्हणाली. पंधरा दिवसांवर आलेल्या लग्नाची हळद लागेपर्यंत तिला तिथे दिवस काढायचे होते. चाळीस पावलांवर मुलगी आईसाठी रडायची आणि ती हे आतून ऐकायची.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावले आणि कापसाचा बोळा चट्ट्यांवरून फिरवला. दर वेळी तिने नेमकी जागा सांगितली.

"खाजतं?"

"लय खाजतं."

"मग हा महारोग कसला? त्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही. आणि असता तरी त्यावर औषध आहे. हे गजकर्ण आहे, बाई. घरी जनावरं आहेत का?"

त्या खोलीत आधी चट्टे उठलेला घोडाच बांधला होता! त्याला खरारा करतानाच तिला लागण झाली होती, आणि महारोग समजून ती नेमकी त्याच्याच खोलीत चार महिने राहिली. बरं होणार कसं? तिने विचारलं, "पोरीला हात लावू मी?"

"लावा. मलम दोघींना पुरेल एवढं देतो."

आमच्याबरोबर आलेली मुलगी दवाखान्याबाहेर पायरीवर उभी होती. आईचा हात पुढे व्हायचा आणि मागे यायचा. शेवटी मुलीनेच तो धरला. पुढे लग्न ठरल्या दिवशी लागलं. खोटी खबर दिली म्हणून नवऱ्याला मी समज देऊन सोडला, पण त्याला मारलेल्या थपडेची लाज अजून वाटते. त्यानंतर नोकरीत संशयितावर हात उचलला नाही. घाबरलेला माणूस आणि गुन्हेगार सारखेच गप्प बसतात, हे त्या दिवशी कळलं.

त्या दिवशी दवाखान्यातून परतताना जीपमध्ये मी नवऱ्याला विचारलं, "घोड्याला चट्टे उठले तेव्हा काय केलंस?"

"त्याच दिवशी जनावरांचा डाक्टर आनला, सायेब."

"आणि बायकोला?"

"घोड्याच्या पोरीची सोयरीक मोडत नाय, सायेब."