हात लावू नका

माझ्या धाकट्या बहिणीला शाळेत असल्यापासून फिट यायची. गोळ्या चालू असल्या की वर्षानुवर्षं काही होत नसे. तिचं लग्न झालं आणि सांगलीजवळच्या कुपवाडला दोन खोल्यांत तिचा संसार नीट मांडला गेला. तिचा नवरा तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. मी साताऱ्याला शाळेत शिकवते. आम्ही जन्मापासून ख्रिस्ती, पण रविवारची उपासना आणि संध्याकाळची घरची प्रार्थना, यापलीकडे आमच्या घरात विश्वासाचा कधी गाजावाजा झाला नाही.

अलीकडच्याच एका उन्हाळ्यात तिचा फोन आला.

"अक्का, मी बरी झाले."

"म्हणजे?"

"गोळ्या बंद केल्या. इथं प्रार्थना घ्यायला येतात त्या ब्रदरनी डोक्यावर हात ठेवला तेव्हा अंगातनं काहीतरी गरम निघून गेलं बघ. ते म्हणाले, हा आजार नव्हताच, अशुद्ध आत्मा होता. आता गोळी घेतली तर त्याला आपणच दार उघडून दिल्यासारखं होईल."

"डॉक्टरांना विचारलंस का?"

ती थोडं हसली. "तू हेच म्हणणार असं ब्रदरनी आधीच सांगितलेलं. घरातलीच माणसं आड येतील म्हणाले."

तेवढ्यावरच मी फोन ठेवला. मी काही बोलले असते तर त्याचा शब्द खरा ठरला असता. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि कऱ्हाडमार्गे सांगलीची एसटी धरली.

घरी गेले तेव्हा तिनं मला मिठी मारली, हसली, चहा करा म्हणून नवऱ्याला सांगितलं. चहा नवऱ्यानं केला. रात्रीच्या भाकरीही शेजारणीनं करून दिल्या. सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा आतनं कडी लागल्याचा आवाज आला नाही. ती गॅसजवळ जात नव्हती, जिना उतरताना भिंतीला धरून उतरत होती. तोंडानं म्हणत होती बरी झाले, आणि अंगभर भीती घेऊन वावरत होती. मी तिच्या नवऱ्याला बाजूला घेतलं.

"पाव्हणं, तुम्हाला काय वाटतं?"

त्यानं खाली मान घातली. "अक्का, मला काय कळतंय त्यातलं? ती म्हणती बरं वाटतंय. मी गोळी घे म्हटलं तर लय रडली. म्हणाली, तुमच्यामुळंच परत यील."

रविवारी दुपारी त्याच्याच वर्कशॉपच्या शेडमध्ये प्रार्थना असायची. मालकानं जागा दिली होती. लेथ मशीनवर ताडपत्र्या टाकलेल्या, मध्ये सतरंज्या, पत्रा तापून शेडची भट्टी झालेली. बायामाणसं दाटीवाटीनं बसली होती. मी मनात भांडण घेऊनच आत गेले होते. वाटलं होतं, कुणीतरी आरडाओरडा करणारा, डोळे वटारणारा माणूस असेल. पण ब्रदर मवाळ निघाला. आवाज गोड, गाणं उत्तम. एका म्हातारीला घाम आला तर स्वतः उठून पंखा तिच्याकडे वळवला. माझ्यातलं भांडण जरा सैल झालं.

मग तो माझ्यासमोर येऊन थांबला. डोळे मिटले आणि हळूच म्हणाला, "ताई, तुमच्या पोटी एक बाळ होतं. ते जग बघायच्या आधीच गेलं. त्याच्यासाठी तुम्ही अजून एकट्यानं रडता. प्रभू म्हणतो, मी ते रडणं ऐकलंय."

ही गोष्ट माझा नवरा आणि माझी बहीण सोडून कुणालाच ठाऊक नव्हती. मी तिथंच रडायला लागले. खोटं का सांगू, त्या क्षणी मला वाटलं की हा देवाचाच माणूस आहे आणि मी उगाच भांडायला आलेय. त्याचा हात डोक्यावर आला तेव्हा मलाही ऊब वाटली. बहीण माझ्या शेजारीच बसली होती. मी तिच्याकडे बघितलं, तर ती पांढरीफटक पडून सतरंजीकडे बघत होती. मला वाटलं, माझ्या रडण्यानं तिला भरून आलंय.

डोळे पुसले आणि मी फार नरमाईनं विचारलं, "ब्रदर, हिला प्रभूनं बरं केलं असेल तर आनंदच आहे. पण एकदा डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या सल्ल्यानं गोळ्या कमी केल्या तर?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, आवाज मात्र बदलला.

"देवाची परीक्षा घेताय, ताई?"

"देवाची नाही. आजार गेलाय का, एवढंच बघायचंय."

"आणि समजा परत आला, तर तो कुणामुळे आला असेल?" तो सगळ्यांकडे वळला. "ज्या घरात शंका असते, त्या घरातनं आशीर्वाद निघून जातो."

शेडमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आत्ताच ज्यानं माझं दुःख ओळखलं होतं, तोच माणूस माझ्या बहिणीच्या पुढच्या फिटचा दोष आधीच वाटून ठेवत होता. यश आलं तर त्याचं, अपयश आलं तर आमचं. मघाची ती ऊब कुठल्या कुठे गेली.

गाणं सुरू झालं. टाळ्या चढत गेल्या. बहिणीनं माझा हात धरला होता, तो एकदम ताठ झाला. तिच्या घशातनं तो आवाज निघाला, लहानपणापासून माझ्या ओळखीचा. ती मागे कोसळली आणि तिचं डोकं मशीनच्या लोखंडी पायापासून वीतभर अंतरावर आपटायला लागलं.

"हात लावू नका!" ब्रदर ओरडला. "कुणी हात लावू नका, आत्मा निघतोय!"

सगळे मागे सरले. गाणं आणखी मोठ्यानं सुरू झालं. तिचा नवरा दोन पावलं पुढे आला आणि तिथंच थिजला. मी तिचं डोकं माझ्या मांडीवर ओढलं, पण तिचं अंग मला एकटीला आवरेना. तोंडाला फेस आला होता, ओठ काळेनिळे पडत होते.

"पाव्हणं, हिला कुशीवर करा!"

तो एकदा माझ्याकडे बघे, एकदा ब्रदरकडे.

"अक्का, पण ते म्हणत्यात..."

"बायको तुमची आहे!"

मग तो धावला. आम्ही दोघांनी तिला कुशीवर वळवलं. फिट थांबली असं वाटेपर्यंत दुसरी सुरू झाली. मधे ती शुद्धीवर आलीच नाही. नवऱ्यानं तिला उचललं आणि गर्दीतनं वाट काढत बाहेर धावला. रिक्षात बसेपर्यंत मागनं ब्रदरचा आवाज येत होता, अविश्वासाबद्दल काहीतरी.

मिरजेच्या दवाखान्यात इंजेक्शनं देऊन फिट थांबवल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई रागावल्या, पण तिच्यावर नाही. गोळ्या एकदम तोडल्या की असं होतं, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, एवढंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी बहीण नीट बोलायला लागली. पहिलं वाक्य असं:

"अक्का, तुझ्या बाळाचं मीच सांगितलं होतं त्यांना. तुझ्यासाठी प्रार्थना करा म्हणून."

मी तिच्या उशाशी खुर्ची ओढून बसले.

"ते तुझ्यासमोर देवाचा शब्द म्हणून बोलले ना, तेव्हाच मला कळलं. देवानं काही सांगितलं नव्हतं त्यांना."

"मग तेव्हाच का नाही बोललीस गं?"

"कशी बोलू? सगळीकडे माझीच साक्ष सांगत होते ते, ही बघा बरी झाली म्हणून. मी खोटी ठरले असते. आणि बरं करण्यात खरंच देवाचा हात असला तर?" ती रडायला लागली. "मी देवाला नाराज केलं का गं?"

हा प्रश्न तिच्या मनातनं गोळ्यांनी जाणार नव्हता. घरी आल्यावर आमच्या चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले. त्यांनी ब्रदरला शिव्या घातल्या नाहीत की तिला उपदेश केला नाही. तिनं तोच प्रश्न त्यांना विचारला.

"बाळ, येशूनं कुष्ठरोग्याला बरं केलं, मग कुठं पाठवलं त्याला?"

"याजकाकडे," ती म्हणाली.

"कशाला?"

"दाखवायला. बरा झालाय का ते."

"त्या काळी ते तपासणं मंदिरातल्या याजकाचं काम होतं. स्वतः बरं केलं आणि तरी म्हणाला, जा, दाखवून ये. जे खरं असतं ना, ते तपासायला घाबरत नाही. आणि तू सांग, एखादा आजारी बरा झाला नाही तर दोष तुझाच, असं येशू कधी म्हणाला?"

तिनं नकारार्थी मान हलवली. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा नीट जेवण केलं. पण भीती एका दिवसात गेली नाही. कित्येक महिने गोळी हातात घेऊन ती थांबायची, डोळे मिटायची, मग गिळायची.

शेडमधली प्रार्थना बंद झाली. काही जणांनी आमच्याशी बोलणं सोडलं. आमच्यामुळे ब्रदर गेले म्हणायचे. मग बहिणीच्या कानावर आलं की तो कवठे महांकाळच्या बाजूला जातोय आणि तिथल्या एका बाईनं साखरेचं इंजेक्शन बंद केलंय. बहिणीनं मला फोन केला नाही, पाळकसाहेबांनाही विचारलं नाही. नवऱ्याला म्हणाली, गाडी काढा.

ती बाई ओसरीवर बसली होती, पायाला पट्टी बांधलेली. बहीण तिच्याशेजारी टेकली आणि म्हणाली, "मावशी, ब्रदर ज्या कुपवाडच्या बाईची साक्ष सांगतात ना, ती मीच. मी बरी झालेली न्हाई. मी गोळ्या घेते आणि प्रार्थनापण करते."

बाईनं तिला बराच वेळ न्याहाळलं. "व्हय?" एवढंच म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं. निघताना तिची सून दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "इंजेक्शन टाकून दिल्यालं न्हाई, ताई. मी फ्रीजात मागं ठिवलंय. आज परत विचारती सासूबाईंना."

त्या बाईनं घेतलं की नाही, ते आम्हाला अजून कळलेलं नाही. बहीण पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे.