कोकिळाच्या वाट्याचा रोट

श्रावणातल्या कानबाई देवीच्या रोटाचे गहू निवडून झाले, की धुळ्याच्या देवपुरातल्या त्या घरात एकेकाचं नाव घेतलं जातं. नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ गहू परातीत टाकायचे. मूठ अक्कांची. अक्का म्हणजे कोकिळाच्या सासूबाई, वय ऐंशीच्या पुढं, पण हात अजून शेतातल्या बाईचा.

"सुकदेवना," थोरल्या लेकाची सव्वा मूठ. "सरलाना," सव्वा मूठ. "अभिमनना. कोकिळाना."

भिंतीला टेकून बसलेल्या कोकिळानं आपल्या नावाची मूठ परातीत पडताना पाहिली आणि एका रोटाचे किती घास होतील ते मोजलं. रोट, म्हणजे देवीच्या नैवेद्याची जाड पोळी, घरच्यांनीच खायचा असतो. सासरी गेलेल्या लेकीला नाही, शेजाऱ्याला नाही, गाईलासुद्धा नाही. उरवायचा नाही, टाकायचा नाही. आणि कोकिळाच्या पोटात आता वाटीभर भातही मावत नव्हता. त्या घरात हे दोनच माणसांना ठाऊक होतं, ती आणि तिचा नवरा अभिमन.

चैत्रात जळगावला तिचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं होतं. एकशे अठरा किलो वजन, गुडघे गेलेले, रक्तदाब वाढलेला. डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग काढून केळ्याएवढी पिशवी ठेवली. अभिमन म्हणाला होता, "धुळ्याला पित्ताचे खडे सांगू. नाहीतर वहिनी जन्मभर म्हणतील, खाणं आवरलं नाही म्हणून पोट कापून घेतलं." कोकिळालाही ते पटलं. लग्नाच्या पंगतीत तिच्या ताटाकडं बघून हसणारी पहिली बाई तिची थोरली जाऊ सरलाच असायची.

घरी सोडताना जीनत नावाच्या सिस्टरनं तिला समोर बसवून सगळं समजावलं. घास तीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही. जीवनसत्त्वांची कॅप्सूल रोज एक, जन्मभर. मग एक पिवळं कार्ड हातात दिलं. "हे जवळ ठेवा, काकू. उलट्या दोन दिवसांच्या वर गेल्या तर फोन करा. आणि कुठंही सलाईन लावायची वेळ आली तर आधी हे दाखवा. साखरेच्या बाटलीआधी बी-वनचं इंजेक्शन. उलटं झालं तर मेंदूवर जातं."

कोकिळानं ते कार्ड आपल्या नामजपाच्या वहीत ठेवलं. रोज अंघोळीनंतर दोन पानं भरून रामनाम लिहायचं, हा तिचा बारा वर्षांचा नेम. वही जाईल तिथं बरोबर असायची, म्हणजे कार्डही राहील.

पहिले तीन महिने नीट गेले. कंगव्यात केसांचे पुंजके यायचे, शिऱ्याचा एक घास जास्त झाला की छातीत धडधडायचं आणि अंग गार पडायचं. पण गुडघे हलके झाले होते. देवळाच्या पायऱ्या ती कठड्याला न धरता चढायला लागली, तेव्हा तिथंच बसून रडली.

मग आषाढी एकादशीला भजनी मंडळातली एक बाई सहज बोलून गेली, "कॅप्सूलचं ते वरचं टरफल असतं ना, ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात म्हणे." कोकिळानं आयुष्यात अंडं शिवलं नव्हतं. चातुर्मास लागलेला. त्या संध्याकाळी तिनं कॅप्सूलचं पाकीट कपाटात सगळ्यात खाली, जुन्या चादरींच्या आड सारलं. दुसरं काही मिळतं का, हे जीनतला विचारायला फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. पोरगी मुसलमान, तिला काय वाटेल आपला सोवळेपणा ऐकून! विचारलं असतं तर जीनतनं दोन मिनिटांत पातळ औषधाचं नाव सांगितलं असतं. पण ते पुढं कळलं.

श्रावण लागला. उपासाचा साबुदाणा त्या केळ्याएवढ्या पिशवीत चिकटून बसायचा. उलटी सोमवारी झाली, मंगळवारी झाली, मग रोजच व्हायला लागली. मोरीचा नळ मोठा सोडून ती ओकायची, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. पायाला मुंग्या यायच्या. आधी बोटांना, मग तळव्यांना, मग त्या मुंग्याही गेल्या आणि फरशी पायाखाली कापसासारखी लागायला लागली. वहीतल्या ओळी उजवीकडं उतरत चालल्या. एकदा तिनं दोन पानं लिहून वर पाहिलं तर ओळ ओळीवर चढली होती, आणि रामाचा काना लांब, भलतीकडंच उभा.

"उपासानं अशक्तपणा आलाय. कानबाई झाली की बघू," अभिमन म्हणाला. आणि ते दोघं धुळ्याला आले.

रविवारी कानबाई बसली. नारळाला नाक-डोळे, नथ, हिरवी साडी, पुढं समया. आरती झाली, पानं वाढली गेली. कोकिळाच्या ताटात रोट, गुळाची खीर, गंगाफळाची भाजी. तिनं सुपारीएवढा तुकडा मोडला.

"काय व कोकिळा, चिमणीसारखी काय खास?" अक्का म्हणाल्या. "तुना वाटाना शे तो. देवीनं ताट शे, माय."

सरला पदराआडून हसली. "जळगावला हॉटेलची सवय झाली असेल, अक्का. आपला रोट कडक लागत असेल."

"तसं नाही, ताई."

"मग खा की! बारीक व्हायचं खूळ देवीपुढं नको."

कोकिळानं अभिमनकडं पाहिलं. तो खाली मान घालून खीर भुरकत होता. मग तिनं देवीकडं पाहिलं आणि खायला सुरुवात केली. चौथ्या घासाला छातीत दगड अडकला. सहाव्याला घशाशी आलं. प्रसाद बाहेर पडता कामा नये म्हणून तोंडावर पदर दाबून तिनं ते परत गिळलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि अक्का म्हणत होत्या, "देख, कसा भाव शे तिना!" वर खीर प्यायली. अर्धा रोट संपला. उरलेला सकाळी खाईन, असं सांगून ती उठली, तेव्हा तिचा हात भिंत शोधत होता आणि भिंत दिसत होती त्याच्या वीतभर पलीकडं लागली.

सोमवारी सकाळी विसर्जनाच्या आधी गल्लीतल्या बाया ओटी भरायला आल्या. कोकिळा देवीसमोर उभी राहिली आणि तिला दोन कानबाया दिसल्या. दोन नथी, दोन कुंकवं, एकमेकींत मिसळून पुन्हा अलग होणाऱ्या. तिनं एकीला हात जोडले आणि तिचा तोल गेला. डावीकडं झुकली, सावरली, उजवीकडं झुकली. बाहेर डफ वाजत होता.

"अंगात उनी!" कुणीतरी ओरडलं. "देवी उनी व!"

क्षणात तिच्या कपाळावर मळवट भरला गेला. पायांवर पाणी पडलं; ते गार की गरम, तिला कळलं नाही. बाया खाली वाकत होत्या. आयुष्यभर जिच्या ताटाकडं बघून हसल्या, तिच्या पाया पडत होत्या. कोकिळाला सांगायचं होतं, मला धरा, मी पडतेय. पण शब्द वाटेतच सांडत होते. चार घरं सोडून राहणारी जमनाबाई, साखरेच्या आजारानं वाळलेली विधवा बाई, पुढं आली.

"माय, गोळ्या खाईखाई मी कटाळी गयी. आखो कितला दिन?"

कोकिळाचं तोंड उघडलं. काहीतरी बाहेर पडलं. काय, ते तिलाच ऐकू आलं नाही. एवढंच कळलं की बायांनी जयजयकार केला.

एकटी सरला पाया पडली नाही. ती जवळ आली, कोकिळाची हनुवटी धरून तिनं तोंड उजेडाकडं वळवलं. "हिचे डोळे बघा. घड्याळाच्या काट्यासारखे टिकटिक हलताहेत. देवी अशी येत नाही. अहो अक्का, मी चाळीस वर्षं बघतेय!"

पुरुष माणसं शेजारच्या घरांतल्या, आधी निघालेल्या कानबायांबरोबर पांझरा नदीवर गेली होती. अभिमनचा फोन डफापुढं कुणाला ऐकू येणार! सरलानं रिक्षा बोलावली, कोकिळाला उचलून आत घातलं, आणि कोकिळा पिशवी, पिशवी असं काहीतरी पुटपुटत होती म्हणून तिची पिशवीही घेतली.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. "उपास? उलट्या? आधी काही ऑपरेशन?"

"पित्ताच्या खड्याचं, चैत्रात," सरला म्हणाली. तिला तेवढंच ठाऊक होतं.

"अशक्तपणा आहे. ग्लुकोज लावू."

कोकिळानं ते ऐकलं. विहिरीच्या तळाशी बसून वरचं बोलणं ऐकावं तसं ऐकलं. स्टँडला बाटली अडकवल्याचा आवाज आला. तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "राम" एवढंच आलं. हात पिशवीकडं गेला, भलत्याच जागी पडला, पुन्हा गेला.

"जप करायचाय का तुला आत्ता?" सरला वैतागून म्हणाली. तरी तिनं वही काढून उशाशी ठेवायला उचलली. उघड्या पानावर ओळी एकमेकींवर कोसळलेल्या होत्या. ते पान बघून तिनं मागची पानं चाळली आणि पिवळं कार्ड खाली पडलं.

सुई शिरेत गेली होती. नळी जोडायची बाकी होती.

"थांबा! डॉक्टर, थांबा! हे वाचा आधी!"

डॉक्टरांनी वाचलं. नळी खाली ठेवली. मग ते धावले ते स्वतःच इंजेक्शन आणायला.

पुढचे सहा दिवस कोकिळा शहरातल्या मोठ्या दवाखान्यात होती. चौथ्या दिवशी तिला एकच सरला दिसली.

"पोट कापून घेतलंस आणि मला खडे सांगितलेस?" सरला म्हणाली. "मी काय गावभर डंका पिटला असता?" तिनं कोकिळाच्या पायांवरची चादर सारखी केली. "पिटलाच असता म्हणा."

कोकिळाला हसू आलं. डोळे ताळ्यावर आले होते. पाय मात्र आले नव्हते. डॉक्टर म्हणाले, महिने लागतील, कदाचित पूर्ण येणारही नाहीत. रविवारपासून बुधवारपर्यंतचे दिवस तर कुणी फळा पुसावा तसे गेले होते.

अभिमननं गल्लीत देवीचा संचार झाला, मग कावीळ निघाली, असं सांगून ठेवलं होतं. "आता कशाला उलगडा करायचा?" तो म्हणाला.

रविवारी घरी जायच्या आधी सरला तिची विरळ वेणी घालत बसली होती. "तुझ्या वाट्याचा अर्धा रोट अक्कांनी खाल्ला बरं का. दुधात भिजवून, चार दिवस. आणि ती जमनाबाई! तुझं नाव घेऊन ऊदबत्ती लावते. तू तिला सांगितलंस ना."

"काय सांगितलं?"

"आठवत नाही? गोळ्या टाकी दे, पाप पोटमा जास."

कोकिळाच्या हातातला पेला तसाच राहिला. ती भाषा देवीची नव्हती. चादरींच्या आड पाकीट सारताना ती स्वतःशी हेच म्हणाली होती.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. "ताई, तुम्ही पिशवी उतरवा. मी आलेच," म्हणून कोकिळा भिंतीला धरून निघाली. पाऊल कुठं पडतंय ते डोळ्यांनी बघूनच टाकावं लागत होतं, पण आता तिची नजर जमनाबाईच्या दारावर होती. चार घरं म्हणजे चार कोस झाले. जमनाबाई उंबऱ्यातच बसली होती. कोकिळाला पाहताच तिचं तोंड उजळलं, मग तिची नजर खाली ओट्यावर गेली आणि तिनं हात जोडले.

"पावलं! कुंकूना पावलं! माय, तू मन्हा घर उनी!"

ती वाकली, फरशीवरच्या लाल ठशाला बोट लावलं आणि ते बोट कपाळावर टेकवलं.

कोकिळानं वळून पाहिलं. डाव्या पायातली चप्पल मागं कुठं तरी गळून पडली होती. टाचेत बाटलीची काच रुतलेली होती. तिला काहीच कळलं नव्हतं.

"काकू, पुसा ते. कुंकू नाही, माझं रक्त आहे." ती उंबऱ्यावर बसली. शेजारच्या दोन बाया दारात आल्या होत्या. कोकिळानं आवाज चढवला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. "माझ्या अंगात देवी नव्हती आली. मी पोट कापून घेतलंय, बारीक व्हायला. गोळ्या बंद केल्या म्हणून डोकं फिरलं होतं. ते बोलले ते मी बोलले. तुमच्या गोळ्या कुठं आहेत?"

जमनाबाईनं पदरानं कपाळ पुसलं. लाल डाग भुवईपर्यंत पसरला. ती अजून हसतच होती. "देवी परीक्षा पाहस, माले समजस. गोळ्या मी बांधी ठेवल्यात, देव्हारामा. आठ दिन झाया. आन् देख, माले काहीच दुखत नही आते. हाई पाय बी नही."

तिनं लुगडं वर घेतलं. उजव्या पायाला हळदीनं पिवळं झालेलं फडकं गुंडाळलेलं होतं. कोकिळानं वाकून गाठ सोडली. वास आधी आला. मग करंगळी दिसली, वांग्यासारखी काळी, आणि तिच्या शेजारचं बोटही त्याच रंगाला लागलेलं.

"दुखत नाही?" कोकिळानं बोट दाबलं.

"जराबी नही, माय."

कोकिळानं आपल्या टाचेकडं पाहिलं, त्या बोटांकडं पाहिलं, आणि गल्लीच्या तोंडाकडं वळून जिवाच्या आकांतानं ओरडली,

"सरलाताई! रिक्षा सोडू नका!"