दोरा हलत होता

एवारिस्तो आणि मी एकाच डोंगरी गावचे. आमच्या गावची अर्धी माणसं रोममध्ये चित्रकारांसमोर उभं राहून पोट भरतात. तीस वर्षांत एवारिस्तो किती संतांच्या आणि किती राजांच्या जागी उभा राहिला, त्याला गणती नाही. नाकावर माशी बसली तरी हा हलायचा नाही. मी त्याच्यावर जळायचो, खोटं कशाला सांगू?

त्या हिवाळ्यात लान्दोल्फी मास्तर चर्चसाठी मोठं तैलचित्र करत होते. संत योसेफ, उजवा हात बाळावर धरलेला. एवारिस्तो योसेफ, मी मागचा मेंढपाळ. त्याच्या पावलांभोवती खडूची रेघ मारली होती. हात रोज नेमका त्याच जागी यावा म्हणून छतापासून एक दोरा सोडला होता. त्याला बोटाचं टोक टेकवायचं.

सगळं झालं, हात तेवढा राहिला. मास्तरांनी बोटं रंगवली, मागे सरून पाहिली आणि ओला रंग सुरीने खरवडून काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी माझं लक्ष दोऱ्याकडे गेलं. खिडक्या बंद होत्या, आणि दोरा थरथरत होता.

सुट्टी होताच मी त्याला कोपऱ्यात गाठलं. "काय रे, संताला थंडी वाजते वाटतं?"

"तोंड बंद ठेव, क्विरीनो. हे कळलं तर मला दारात तरी कोण उभं करील?"

मी मास्तरांना सांगितलं नाही. दयेपोटी नाही. मी चहाडी न करताही हा आज ना उद्या पकडला जाणार आणि योसेफ मलाच मिळणार, हा माझा हिशेब होता.

चौथ्या दिवशी मास्तरांनी सुरी फेकली आणि तळव्यांनी डोळे दाबून धरले. "बास झालं. बोटांच्या कडाच दिसत नाहीत मला. डोळे गेले माझे. आजपासून रंग बंद."

एवारिस्तो रेघेच्या आत तसाच उभा होता. गप्प राहिला असता तर दुसऱ्या कुणाकडे आणखी वर्षभर तरी निभावलं असतं.

"तुमचे डोळे शाबूत आहेत, मास्तर," तो म्हणाला. "माझा हात हलतोय."

मास्तर उठले, दोऱ्याला नाक लावून बघत राहिले. मग तो हात छातीशी धरून ढसाढसा रडले. "गाढवा, आधी का नाही बोललास?"

"खायचं काय, मास्तर?"

तो रेघेबाहेर आला तो कायमचा. मास्तरांनी मला आत उभं केलं. माझी पावलं लहान, भोवती बोटभर जागा उरली. एका सकाळीत हात झाला.

चर्चमध्ये बायका त्या हाताकडे बघून छातीवर क्रुसाची खूण करतात. अंग एवारिस्तोचं आहे, हात माझा. मी तिथे जात नाही.