भुवयांवरचा बर्फ

“तिला सगळं समजतं. इंग्लिश मीडियमची हाय ती,” शेजारच्या काकू माझ्या आईला सांगत होत्या, मी तिथे नसल्यासारखं.

“समजायलाच हवं,” आई मेथी निवडत म्हणाली. “सात वर्षं जातेय शाळेत.”

मी टीव्हीवरची नजर काढली नाही. केबल नुकतीच आली होती आणि आमच्या चाळीत ती फक्त काकूंकडे होती. दर गुरुवारी साडेसातला एका परदेशी चॅनेलवर विज्ञानकथांची मालिका लागायची. तिकडे म्हणे ती कित्येक वर्षं चालू होती. एक गोष्ट चार आठवडे चालायची. ही गोष्ट कुठल्याशा ग्रहावरच्या खाणीची होती. माणसं बर्फाखाली उतरत आणि परत येत ती भुवयांवर बर्फ घेऊन, कोणाशी न बोलता.

मला त्यांचं इंग्लिश कळत नव्हतं. आमच्या बाई सावकाश, एकेक शब्द सुटा बोलत. ही माणसं अर्धे शब्द गिळत. पहिल्याच गुरुवारी काकूंनी विचारलं, “काय बोलला गं तो?” आईचा हात मेथीत थांबला. मी चित्रावरून जुळवलं, “तो म्हणतो, परत आलेली माणसं ती नाहीतच. चेहरा तोच, आत दुसरंच कोणीतरी. भुवया बघून ओळखायचं.”

बोलून गेले आणि मलाच ते खरं वाटायला लागलं. काकूंच्या दारापासून आमचं दार सात पावलांवर. त्या दिवसापासून मी ती सात पावलं पळत जायची.

काकूंची सहा वर्षांची मुलगी माझ्या मांडीवर बसून बघायची, माझा अंगठा घट्ट धरून. आज ती स्वतः एका मुलाची आई आहे आणि तिला यातलं काही आठवत नाही. मला आठवतं.

तिचे वडील मागच्या गल्लीत कापडाच्या लूमवर फोरमन होते. आठला शिफ्ट सुटली की ते घरी येत. केसांत, कानांवर, भुवयांवर पांढरी रुई. पूर्वी ती धावत जाऊन त्यांच्या भुवयांवर फुंकर मारायची. पहिल्या भागानंतर ती गेली नाही. “बापाला विसरली,” काकू हसल्या. दुसऱ्या गुरुवारनंतर ती त्यांच्या ताटात जेवेना. “काय गं बाय, मी काय केला?” काका म्हणाले आणि त्यांनी पुढे केलेला घास परत ताटात ठेवला. मी समोरच बसले होते. मला कारण माहीत होतं. पण सांगितलं असतं तर माझ्या सात वर्षांचं काय झालंय तेही आईला कळलं असतं. मी घरी गेले आणि भूगोलाचं पुस्तक उघडून बसले.

तिसऱ्या गुरुवारी भाग संपला तो दार उघडण्यावर. दारात पांढरा चेहरा. शेवटची नावं सरकायला लागली आणि काकूंच्या खोलीचं दार खरंच उघडलं. काका होते. मुलगी माझ्या मांडीवरून उडाली, स्वयंपाकघरात शिरली आणि आतून कडी घातली.

आत रॉकेलचा स्टोव्ह पेटलेला होता, खाली जमिनीवरच. वर भात.

“बाय, कडी काढ. मी हाय,” काका दार ठोकत म्हणाले. आतून किंकाळी आली आणि काहीतरी भांडं पडलं.

“तुम्ही गप राहा. तुमचा आवाज ऐकून जास्तीच करते,” काकूंचा आवाज फाटला होता. “स्टोव्हजवल जाऊ नको गं. ऐकतेस ना?”

भात करपल्याचा वास यायला लागला. काका दाराला खांदा लावायला मागे सरले. पण दाराच्या पलीकडे दोन हातांवर स्टोव्ह होता आणि ती नेमकी कुठे उभी होती ते कोणालाच दिसत नव्हतं. ते तसेच थांबले. त्यांच्या कपाळावरचा घाम रुईत मुरत होता.

“तू बोल,” आई मला म्हणाली. “तुझं ऐकते ती.”

मी फटीला तोंड लावून कुजबुजले. मागच्या गल्लीतले लूम रात्रपाळीला सुरू झाले होते. त्या खटखटाटात माझं मलाच ऐकू आलं नाही. आमच्याकडे हळू बोललेलं पोचतच नसे. शाळेतही बाई मला नेहमी उभं करून मोठ्याने बोल म्हणायच्या.

आई अगदी माझ्या पाठीशी होती. तिच्या बोटांचा मेथीचा वास येत होता.

“ते तुझे बाबाच आहेत,” मी ओरडले. “ती रुई आहे. भुवयांचं मी बनवलं. टीव्हीतलं कोणीच तसं म्हणालं नाही. मला त्यांचं इंग्लिश कळत नाही, एकाही भागातलं कळलं नाही. कडी काढ.”