तांतीवरची ओवी

पहिले महायुद्ध संपत आले त्या वर्षी जळगावात तापाची साथ आली आणि आमची नऊ वर्षांची लेक गेली. तेव्हापासून माझ्या पत्नीने बोलणे सोडले, पुढे खाणेही. दिवसाला दोन घोट ताक, तेही मी हट्ट केला तर. वैद्य म्हणाले, असे आणखी दहा दिवस गेले तर माझ्या हाती काही नाही.

मी तिच्या उशाशी बसून पोथीचा सप्ताह धरला. चौदाशे ओव्या, रोज दोनशे. दर पंचवीस झाल्या की पाटावर एक सुपारी ठेवायची. गाऊन वाचणे मला हौसेचा भाग वाटे. देवाचा शब्द शुद्ध उच्चारला, एकही गाळला नाही, की पुरे. पाच दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. खरे सांगतो, मला देवाचा राग आला होता.

सहाव्या दिवशी सकाळी नशिराबादचा एक म्हातारा पिंजारी दारात आला. त्याला बोलावले होते शेजाऱ्यांनी, पण त्यांच्या दाराला कुलूप. त्याची फेरी फुकट जाऊ नये म्हणून मी जुनी गादी ओसरीत काढून दिली आणि वाचायला बसलो. कापूस पिंजायच्या धनुकलीच्या तांतीचा, त्या ताणलेल्या दोरीचा, घुमारा घरभर भरला. थोड्या वेळाने तो थांबून म्हणाला, “नाना, मांगे कोनी लागेल शे का? इतलं पयत पयत काब्र वाचतस? मन्ही तांत चाली राहिनी, तिना संगे म्हना.”

मागे कोणी लागल्यासारखा मी पळत पळत वाचत होतो खरा. मला हसू आले, लाजही वाटली. तांत पुन्हा सुरू झाली तसा मी आवाज तिला लावून पाहिला. गळा बेसूरच, पण वाचन आपोआप संथ झाले. देव थकल्या लेकराला कडेवर घेतो, अशा अर्थाची ओवी आली. पूर्वी लेकीला मांडीशी घेऊन जात्यावर ओव्या गाणारी माझी बायको कुशीवर वळली.

“अहो, पुन्हा म्हणा. सहा दिवसांत आज कळलं तुम्ही काय वाचता ते.”

पुन्हा म्हणत बसलो तर दोनशे होणार नव्हत्या. नेम मोडणार होता. मी सुपाऱ्यांकडे पाहिले. मग तीच ओवी म्हटली, अकरा वेळा. ती पोटभर रडली. बाहेर तांत थांबली नाही. दुपारी तिने वाटीभर पेज मागितली.

माझा सप्ताह तेवीस दिवस चालला. देवाने त्याबद्दल अजून विचारलेले नाही. गादीत कापूस तोच होता, दबून गठ्ठा झालेला. पिंजाऱ्याने तो मोकळा केला, इतकेच. तो पुन्हा दिसला नाही. त्याला, आणि शेजारच्या दाराला त्या दिवशी कुलूप घालणाऱ्याला, माझा रोजचा नमस्कार. मी पोथी उघडली की आता ही आतून सांगते, “सुपाऱ्या राहू द्या, आधी सूर लावा.”