तीन पायऱ्यांचं माप

शिंप्याच्या दुकानात कापड बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात. आमच्या मास्तरांनी बावीस वर्षं कापड बेतलं आणि तेवढीच वर्षं मला टोमणे मारले, कारण काज-बटणं माझ्याकडे. "बाई, हे काज आहे की खिडकी?" मग एकदा स्कूटर घसरली, पाठीला मार बसला, कमरेखालचं सगळं गेलं. मास्तर चाकाच्या खुर्चीत आले. दुकानाला तीन पायऱ्या.

मालक त्यांचा लंगोटीयार. "तुझं टेबल तुझंच," दवाखान्यात त्याने हात धरून सांगितलं. पुढे आठ महिने नुसतंच सांगत राहिला. मग नियम आला. खुर्ची आत जाईल असा उतार हवा, नाहीतर दुकानाचा परवाना नाही. मी म्हटलं, बरं झालं, आता झक मारत करेल. मास्तर माझ्यावरच चिडले. "दोस्ताला कायद्याचा धाक कशाला?"

उताराचं माप त्यांनीच काढलं. खाकी कागदावर, कोट बेतावा तसं. सुताराने त्यावरून फळ्या कापल्या. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "सिमेंटचा पक्का करून घ्या." मालकाचं तोंड उतरलं. मास्तर लगेच मध्ये पडले. "लाकडाचा पुरे, साहेब. घरचंच दुकान आहे." स्वतः चढून दाखवलं, उतार ठीक आहे अशी साहेबांच्या कागदावर सही केली आणि आपली जुनी कात्री टेबलावर ठेवून गेले. "सोमवारी येतो."

सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून आले, तर पायऱ्या उघड्या. उतार आत होता. दोन स्टुलांवर आडवा टाकलेला, आणि त्यावर मालकाचा मेहुणा ऐटीत कापड बेतत होता.

"रोज कोण काढत-घालत बसणार?" मालक दारातूनच बोलला. खाली काही उतरला नाही. "गिऱ्हाइकं अडखळतात रे. तू घरूनच बेत ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांच्या दोस्तीला या माणसाने पाच मिनिटांच्या तपासणीत वापरून घेतलं होतं. मास्तर मला म्हणाले, "माझी कात्री तेवढी आण."

ती मेहुण्याच्या हातात होती. मी काढून घेतली, खाली नेऊन दिली.

कात्री मांडीवर ठेवत त्यांनी विचारलं, "त्या साहेबांचं ऑफिस पाहिलंयस तू? मला माझी सही खोडायचीय."

"पाहिलंय, मास्तर."

"पायऱ्या किती आहेत?"

"अकरा," मी म्हटलं.